आपल्याच कातडीवरचे

गुडघ्याच्या सांधारोपणाला आमच्याकडे, आणि बहुधा सगळ्या महाराष्ट्रातच, लोक 'वाट्या बदलणे' म्हणतात. शब्द घरगुती आहे, पण नेमका नाही. शल्यचिकित्सक जे करतो त्यात गुडघ्याची वाटी बहुतेकदा जागेवरच राहते. फार तर तिच्या आतल्या अंगाला प्लास्टिकची एक चकती बसवली जाते. बदलतात ती हाडांची टोके. मांडीच्या हाडाचे झिजलेले टोक तासून त्यावर कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे टोपण चढवायचे, नडगीच्या माथ्यावर धातूचीच एक बैठक बसवायची आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीनचा जाड तुकडा ठेवायचा, अशी त्या कामाची रीत आहे. तरीही 'वाटी' टिकली. वाटी ही फडताळातली वस्तू; चेपली, चीर गेली तर मोडीत देऊन दुसरी आणता येते. या शब्दाने शस्त्रक्रियेतली अर्धी भीती काढून घेतली, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हा शब्द खेड्यापाड्यांत कसा पोचला, याचे माझ्यापुरते एक उत्तर आहे. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली; न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले होते. पुढे जून २००१ मध्ये उजवा गुडघाही झाला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी गुडघ्याच्या आकृत्या छापल्या आणि पारावर बसून त्या वाचणाऱ्यांनी आपापले गुडघे चाचपून पाहिले. आमच्या पिढीच्या आयांची आयुष्ये खुरपणीत, कापूस वेचण्यात आणि चुलीपुढे उकिडवे बसण्यात गेली. गुडघेदुखी हा त्यांच्या लेखी आजार नव्हता, वय होते. वयावर उपाय असू शकतो ही कल्पनाच मुळी नवी होती. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषधमूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा चोपन्न-पंचावन्न हजारांवर आला, तेव्हा ही कल्पना आमच्यासारख्यांच्या घरात हिशेबाच्या वहीपर्यंत येऊन पोचली.

आईचा उजवा गुडघा २०१९ च्या जानेवारीत बदलला. शहर मोठे होते, रुग्णालय नावाजलेले होते. नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण पुढे जे घडले ते जगातल्या चांगल्यात चांगल्या ठिकाणीही शंभरातल्या एखाद-दुसऱ्या रुग्णाच्या वाट्याला येतेच. पहिले वर्ष सुखाचे गेले. परभणीच्या थंडीचा आकडा दर हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या हवाल्याने वर्तमानपत्रांत येतो, आणि त्या आकड्यावरून आई आपल्या गुडघ्याचा अंदाज बांधी. त्या हिवाळ्यात तिने आकडा विचारला नाही.

२०२० च्या पावसाळ्यात गुडघा रात्री गरम लागू लागला. ताप नाही, लाली नाही, पू नाही. नुसती ऊब आणि आत कुठेतरी ठणका. टाळेबंदीचे दिवस होते. गावच्या डॉक्टरांनी एकदा, मग पुन्हा एकदा प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या. आठ दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. सारे जग त्या काळात हात धूत होते, दाराच्या कड्या पुसत होते, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवत होते. आणि आईच्या गुडघ्यात जे चालले होते त्याचा बाहेरून आलेल्या कशाशीही बहुधा संबंध नव्हता.

त्या जंतूचे नाव पुढे कळले. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. नावातच त्याचा पत्ता आहे. एपिडर्मिस म्हणजे त्वचेचा बाहेरचा थर. अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुवामध्ये घडाघडांनी राहणारे गोल जीव पाहिले आणि त्यांना द्राक्षांच्या घोसावरून ग्रीक नाव दिले. १८८४ मध्ये रोझेनबाख या जर्मन वैद्याने त्यांच्यात सोनेरी आणि पांढरे असे दोन भेद केले. सोनेरी तो दुष्ट, पांढरा तो निरुपद्रवी, अशी समजूत त्यानंतर बराच काळ चालली. पांढरा हा माणसाच्या कातडीवरचा कायमचा रहिवासी. मूल जन्मले की आईच्या अंगावरून, हातांवरून, छातीवरून काही तासांत, काही दिवसांत ही वस्ती त्याच्या अंगावर येते आणि जन्मभर राहते. ती आपल्याला उपयोगीही पडते. तिच्यातले काही वाण सोनेरी भाऊबंदांना जागा मिळू देत नाहीत. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. त्वचेवरचे जीवाणू, त्यांत याच कुळातले काही, घामातली द्रव्ये फोडतात तेव्हा तो वास तयार होतो. आईच्या पदराला एक वास असतो असे आपण म्हणतो, आपल्या कवितेत तर तो पुष्कळ वेळा येऊन गेला आहे. त्या वासामागे कोण आहे हे कळल्यावर मला तो वास कमी आवडेनासा झाला नाही, एवढे नमूद करून ठेवतो.

मग हा सोबती वैरी कसा होतो? उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा धातूच्या स्वभावात शोधावे लागते. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन या दोघांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या त्वचेत मोजून जंतू टोचले. पू होण्यासाठी लाखो जंतू लागत. पण त्याच जागी रेशमी टाक्याचा एक धागा असला की काही शे जंतू पुरत. धागा जंतूंना खाऊ घालत नव्हता. तो नुसता तिथे होता. जिवंत मांसाला रक्त पोचते, रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, पहारा राहतो. धाग्याला, धातूला, प्लास्टिकला रक्त पोचत नाही. तिथे पहारा नाही. सांधा शरीरात ठेवला की क्षणांत त्यावर रक्तातल्या प्रथिनांचा लेप बसतो आणि त्या लेपाला कोण आधी चिकटणार, शरीराच्या पेशी की जंतू, याची शर्यत सुरू होते. ग्रिस्टिना या संशोधकाने १९८७ मध्ये तिला 'पृष्ठभागासाठीची शर्यत' असेच म्हटले होते. जंतू आधी पोचले तर ते एकमेकांवर थर रचतात, स्वतःभोवती एक बुळबुळीत आवरण विणतात आणि त्यात जवळजवळ निजून राहतात. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते तसे. मोकळ्या जंतूला मारणारी औषधाची मात्रा या थरातल्या जंतूला शेकडो पटींनी वाढवली तरी पुरत नाही. झोपलेल्याला विष पाजता येत नाही, कारण तो पीतच नाही. आठ दिवस बरे वाटून पुन्हा ठणका येई त्याचे कारण हेच होते. गोळ्या वर तरंगणाऱ्यांना मारत होत्या. थर तसाच होता.

कृत्रिम सांध्यांचा इतिहास वाचताना एका माणसाविषयी मला विशेष कुतूहल वाटले. जॉन चार्नली. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन येथे त्यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरून खुब्याचे सांधे बसवले (खुब्यात मात्र खरोखरच वाटी असते, आमचा शब्द एका सांध्याने चुकला, इतकेच). ते टेफ्लॉन झिजून आत दाह होऊ लागला, तेव्हा त्यांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन परिणाम पाहिला. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीन वापरायला सुरुवात केली आणि सांधा टिकू लागला. पण त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत शंभरात सात-आठ जणांचा सांधा जंतूंमुळे जाई. चार्नली यांची खात्री होती की हे जंतू शस्त्रक्रियागृहाच्या हवेतून येतात, आणि त्या हवेत ते येतात माणसांच्या कातडीवरून. माणूस हालला की त्याच्या अंगावरून कातडीचे सूक्ष्म पापुद्रे झडतात. प्रत्येक पापुद्रा काही रहिवाशांना घेऊन उडतो. म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेच्या मेजाभोवती काचघरासारखी एक खोली उभी केली, तिच्यात वरून गाळलेली हवा सोडली, आणि शल्यचिकित्सकांना डोक्यापासून पायापर्यंत असे पोशाख घातले की त्यांचा श्वाससुद्धा नळीने बाहेर नेला जाई. १९७० च्या आसपास त्यांचे प्रमाण शंभरात एकावर आले. त्यांच्या काळी अनेकांनी हा हट्ट मानला. हट्टी माणसांचे ऋण रुग्णांना सहसा कळत नाही.

या सगळ्या व्यवस्थेला पहिल्या दिवशी आईने एक नाव देऊन टाकले होते. "लई सोवळं हाय बाबा त्यांचं," ती म्हणाली होती. आणि इथे मला जरा थांबले पाहिजे, कारण पुढचा सगळा त्रास या एका शब्दाने झाला.

गुडघा बिघडल्याचे कळताच घरात शोध सुरू झाला तो दोषाचा. कुणी रुग्णालयाला बोल लावला. कुणी भेटायला आलेल्या सोयऱ्यांची यादी केली. एका वयस्क नातेवाईक बाईने सरळच विचारले की पहिल्या महिन्यात जखमेची पट्टी कोण बदलत होते, आणि तेव्हा 'तिची अडचण' तर नव्हती ना? पट्टी माझी पत्नी बदलत होती. ती त्या वेळी स्वयंपाकघरात होती; तिने ऐकले आणि भाकरी थापणे थांबवले नाही. भाकरीचा आवाज मात्र बदलला. त्यानंतर कित्येक दिवस ती आईच्या खोलीत जाताना दाराशी क्षणभर थबकत असे. मराठीत एम.ए. केलेल्या माणसाला 'विटाळ' या शब्दाची व्युत्पत्ती सांगता येते, त्याचे संतकाव्यातले दाखले देता येतात. पण घरातल्या एका बाईला दाराशी थबकायला लावण्याची या शब्दाची ताकद मी त्या आठवड्यात पाहिली तशी कोणत्याही शब्दकोशात पाहिली नव्हती.

सोवळ्याची कल्पना आणि जंतुरहिततेची कल्पना वरवर पाहता बहिणी वाटतात. दोन्हींत शिवायचे नसते, दोन्हींत स्नान असते, वेगळे वस्त्र असते. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या काही विद्वानांनी 'आमचे सोवळे म्हणजे तुमचे जंतुशास्त्रच' असा युक्तिवादही हौसेने केला, आणि आजही तो दिवाळी अंकांतून अधूनमधून डोके वर काढतो. मला तो मुळातून चुकीचा वाटतो. सोवळे मानणारा आपण शुद्ध आहोत असे धरून चालतो. अशुद्धी दुसऱ्याच्या स्पर्शाने येते, खालच्या ठरवलेल्या जातीच्या, पाळी आलेल्या बाईच्या, सुतकातल्या माणसाच्या. शस्त्रक्रियागृहात हात घासणारा डॉक्टर स्वतःलाच ओवळा धरून चालतो. दहा मिनिटे घासूनही तो आपल्या हातांवर विश्वास ठेवत नाही, वर मोजे चढवतो. कारण वरवरचे, येतेजाते जंतू धुतले जातात. केसांच्या मुळांशी आणि तैलग्रंथींत राहणारे कायमचे रहिवासी कितीही घासले तरी थोडे उरतातच. फिलिप प्राइस या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३८ मध्ये हातांवरच्या जंतूंचे हेच दोन वर्ग पाडले होते. आणि रुग्णाच्या सांध्यात पोचलेला जंतू सर्वाधिक वेळा असतो तो रुग्णाच्याच कातडीवरचा, नाहीतर मेजाभोवती उभ्या असलेल्या कुणाच्या तरी, आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या त्या तासाभरातच आत गेलेला. त्याला जात नसते, पाळीशी त्याचे काही देणेघेणे नसते. वर्षभराने उघडकीला येणारा हा दोष महिन्याभरात पट्टी बदलणाऱ्या हातांवर ढकलणे म्हणजे निव्वळ अन्याय होता.

हे मी घरात बोललो. बोलताना वर्गात बोलतो तसे थोडे लांबले असावे. आईने ऐकून घेतले आणि त्या नातेवाईक बाईंच्या समोरच म्हणाली, "माझंच कातडं माझ्यावर उलटलं म्हणतेत डाक्टर. मग सुनंला कशाला धरता?" विषय त्या दिवशी मिटला असे म्हणता येणार नाही, पण तो पुन्हा मोठ्याने निघाला नाही.

पुढची अडचण निदानाची होती, आणि तिच्यात मला माझ्या विषयाची ओळख पटली. सांध्यातले पाणी काढून तपासायला दिले. त्यात पांढऱ्या पेशी भरपूर, पण जंतूची वाढ नाही. आधी गोळ्या घेतल्याने जंतू दबून जातात, असे डॉक्टर म्हणाले. दोन आठवडे सगळी औषधे बंद ठेवून पुन्हा पाणी काढले, तरी काही नाही. आणि समजा वाढ झाली असती, तरी प्रश्न संपत नव्हता. जो जंतू प्रत्येकाच्या कातडीवर असतो तो सुईबरोबर, चिमट्याबरोबर, प्रयोगशाळेतल्या माणसाच्या बोटाबरोबर नमुन्यात येऊ शकतो. आरोपी घटनास्थळीच राहायला असेल तर त्याचे तिथे सापडणे हा पुरावा कसा धरायचा? यावरची युक्ती अशी, की शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्याच्या वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येक वेळी वेगळे हत्यार वापरून, पाच-सहा तुकडे घ्यायचे. एकाच तुकड्यात जंतू आला तर तो बाहेरचा मानायचा. दोन किंवा अधिक तुकड्यांत तोच जंतू आला तर तो आतला.

हे ऐकताना मला एकनाथांची आठवण झाली. १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, आमच्याच गोदावरीच्या काठी पैठणला नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. नकलकारांच्या हातून शिरलेल्या ओव्या आणि ज्ञानदेवांच्या ओव्या वेगळ्या करायच्या, तर नकलकारही मराठीच लिहिणारे, त्याच छंदात, त्याच श्रद्धेने. परका शब्द ओळखणे सोपे असते. आपल्यासारखाच दिसणारा प्रक्षेप ओळखणे अवघड. पाठचिकित्सेत आजही हाच नियम आहे: एकाच पोथीत आढळणारा पाठ संशयित, परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक पोथ्यांत आढळणारा पाठ विश्वसनीय. जंतुशास्त्रज्ञ पोथ्या न वाचता याच नियमाशी येऊन पोचले, हे मला त्या चिंतेच्या दिवसांतही सुखावून गेले.

प्रश्न उरला तो निर्णयाचा. मार्ग दोन होते. सांधा आहे तसा ठेवून जन्मभर गोळ्या घेत ठणका सोसायचा. किंवा सांधा काढायचा, काही आठवडे त्याविना काढायचे आणि मग नवा बसवायचा. दुसऱ्या मार्गाचा खर्च पहिल्या शस्त्रक्रियेहून कितीतरी अधिक, आणि आईचे वय सहासष्ट. भावाने विहिरीचे काम पुढे ढकलले. मी सोसायटीचे कर्ज काढले. आई मात्र पैशाविषयी न बोलता एकच विचारत राहिली, की काढल्यावर तिथे काय असणार? रिकामी जागा ही कल्पना तिला सहन होत नव्हती.

रिकामी जागा नसते. हाडांच्या मध्ये प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा एक ठोकळा बसवतात. हे सिमेंट बांधकामाचे नव्हे, एक प्रकारचे ॲक्रिलिक. त्यातून औषध आठवडेच्या आठवडे झिरपत राहते, रक्त जिथे पोचत नाही नेमके तिथे. १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायला सुरुवात केली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही परभणीकर उगाच छाती फुगवून ऐकवत असतो. तिचा काही उपयोग झालेला मी एवढाच पाहिला.

२०२१ च्या जानेवारीत सांधा काढला. पाच तुकड्यांपैकी चारांत तोच पांढरा जंतू वाढला, आणि नेहमीच्या औषधांना न जुमानणारा निघाला. सहा आठवडे शिरेतून व्हँकोमायसिन, दिवसातून दोनदा, ते तालुक्याच्या गावी एका लहान दवाखान्यात. दर आठवड्याला मूत्रपिंडाची तपासणी. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाणे एवढाच आईचा प्रवास. त्या काळात तिचे सगळे करायला माझी पत्नी होती. पट्टी बदलायची वेळ आली की आई इतर कुणाला हात लावू देत नसे. तिलाच हाक मारी, आणि घरात कुणी पाहुणे असले तर जरा मोठ्याने मारी.

नवा सांधा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, बसला. आधीचे पाच दिवस औषधी साबणाने सर्वांग धुवायला सांगितले होते. तिसऱ्या दिवशी आई लुगड्याचा पदर नाकाशी नेऊन म्हणाली, "मला माझाच वास येईना गेलाय." रक्तातला दाहाचा आकडा गेली काही वर्षे हद्दीत आहे. डॉक्टर 'बरे झाले' हा शब्द वापरत नाहीत; 'शांत आहे' म्हणतात. आई आता खुर्चीवर बसून जेवते, शेतात जात नाही, बांधापर्यंत मात्र जाते. मांडी घालता येत नाही याचे तिला वाईट वाटते ते पंगतीत. काढलेला सांधा रुग्णालयाने परत दिला नाही. नव्या सांध्याचे क्रमांक असलेले कार्ड तिने ट्रंकेत, शिधापत्रिकेच्या घडीत ठेवले आहे.